माझ्यावरची शालिनी

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. दगड म्हटल्याबरोबर पान उलटू नका. मी रस्त्यातला नाही, धुण्याचा नाही आणि देवळातलाही नाही. मी शिळाप्रेसचा दगड आहे. तुमच्या पणजोबांच्या काळात डब्यांवरची लेबले, लग्नपत्रिका आणि कॅलेंडरांवरचे देव माझ्यासारख्या दगडांवरून कागदावर उतरत असत. माझा जन्म जर्मनीतल्या एका खाणीत झाला. तिथल्या माणसांनी मला कापले, घासून गुळगुळीत केले आणि पेटीत भरून बोटीवर चढवले. बोटीने मुंबई, रेल्वेने हुबळी आणि तिथून टांग्याने मी कोप्पीकर रोडवरच्या छापखान्यात पोहोचलो. मला उतरवताना टांगेवाल्याने ज्या शिव्या घातल्या त्या कानडीत होत्या. या गावाने माझे केलेले पहिले स्वागत तेच.

माझे काम समजायला अवघड नाही. तुपकट शाईने माझ्यावर चित्र काढतात. मग डिंकाचे पाणी आणि किंचित तेजाब लावून ते माझ्यात मुरवतात. नंतर ओला स्पंज फिरवला की कोऱ्या जागेवर पाणी राहते, पण चित्राच्या रेघांवर ठरत नाही. वरून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांना धरते. कागद ठेवायचा, दाबायचा, उचलायचा. चित्र कागदावर आलेले असते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. माझ्यावर जे उजवीकडे असते ते कागदावर डावीकडे येते. म्हणून चित्रकाराला माझ्यावर सगळे उलटे काढावे लागते. आणि दुसरी गोष्ट, माझ्यावर नवे चित्र काढायचे तर जुने घासून टाकावे लागते. वाळू पसरायची, पाणी शिंपडायचे आणि दुसरा दगड वर ठेवून गोल गोल फिरवत राहायचे. असे माझ्यावरून किती वाघ, किती मोर आणि किती गजलक्ष्म्या आल्या नि गेल्या याची मोजदाद नाही. एकाच्याही जाण्याचे मला वाईट वाटले नाही. तरुणपणी मी तसा बेफिकीरच होतो.

मग छापखान्यात गणपत आला.

तो मिरजेकडचा. त्याची बायको शालिनी बाळंतपणानंतरच्या दुखण्यात गेली होती. तान्ह्या लीलेला पाठीशी बांधून तो हुबळीला आला, कारण मिरजेच्या प्रत्येक गल्लीत त्याला शालिनी दिसायची. त्याच्या शेजारी हेमावती अक्का राहत. त्या कानडी, हा मराठी, पण पोरीला भूक लागली की तिचे रडणे दोघांना सारखेच कळायचे. गणपत दिवसभर छापखान्यात असे आणि लीला अक्कांच्या घरी वाढे. शालिनीचा फोटो कधी काढलेलाच नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होते अशी तिच्या माहेरच्यांची समजूत होती, आणि आयुष्य तर तरीही कमीच निघाले.

एके दिवशी कुंकवाचा एक व्यापारी लेबल करून घ्यायला आला. त्याला एका सवाष्णीचे चित्र हवे होते. गणपतने मला टेबलावर घेतले आणि बराच वेळ नुसता माझ्याकडे बघत बसला. मग त्याने केसांचा भांग काढला. मग कपाळ, मग डोळे. हा गडी एरवी विडी ओढत, गप्पा मारत चित्र काढायचा, पण त्या दिवशी तो कुणाशी बोलला नाही. कागदावर नथ डावीकडे यायची तर माझ्यावर ती उजवीकडे काढायला हवी. ओठ किंचित हसरे होते आणि हसताना गालावर पडणारी खळीही त्याने तशीच उलट बाजूला काढली. उलटे काढणे त्याच्या हाताला सरावाचे होते. तरी चित्र झाल्यावर त्याने माझ्यापुढे आरसा धरला. आरशात ती सुलटी दिसली. गणपत हळूच म्हणाला, "आलीस?"

मित्रांनो, त्या क्षणापासून मी बेफिकीर राहिलो नाही.

व्यापाऱ्याने चित्र पाहिले आणि मान हलवली. "बाई चांगली आहे हो, पण आमच्या शेजारणीसारखी दिसते. गिऱ्हाइकाला लक्ष्मी पाहिजे," तो म्हणाला.  दुसऱ्या दगडावर गणपतने मुकाट्याने लक्ष्मी काढून दिली. मला मात्र त्याने डिंक लावून भिंतीशी उभे केले आणि मालकांना सांगितले, "याला कुणी घासायचं नाही." मालकांनी मनातल्या मनात काय म्हटले असेल ते असो. गणपत त्यांचा सर्वांत चांगला हात होता, म्हणून ते गप्प राहिले.

तुम्ही विचाराल, त्याने एक कागद तरी छापून का घेतला नाही? त्याच्या मनात होते. "लीला जरा मोठी होऊ दे. तिच्या समोर काढू. आई कागदातून वर येताना तिला बघू दे," असे तो मला सांगायचा. मी वाट पाहत राहिलो. लीला शाळेत जाऊ लागली, पाढे म्हणू लागली, आणि अजून जरा मोठी व्हायच्या आतच गणपत तापाने गेला.

मालक मनाने वाईट नव्हते. त्यांनी मला हातगाडीवर घालून हेमावती अक्कांच्या घरी पाठवले. "तुझ्या आईचं चित्र आहे. याला पाणी लावू नको, तेलाचा हात लावू नको, असं तुझे अप्पा सांगायचे," एवढाच निरोप त्यांनी लीलेला दिला. चित्र उलटे आहे हे सांगायचे त्यांना सुचले नाही. छापखान्यातल्या माणसाला ते सांगण्यासारखे वाटतच नाही. उलटी अक्षरे लीलेने वडिलांच्या टेबलावर पाहिली होती, पण माझ्यावर अक्षरे नव्हती. कुंकवाच्या नावाची जागा रिकामीच राहिली होती. आणि नुसता चेहरा उलटा असेल असे कुणाच्या मनात येते?

शाळेतून आली की ती माझ्यावरचे फडके सोडायची आणि समोर बसायची. शेजारी अक्कांचा छोटा आरसा घ्यायची. एकदा आईकडे बघायची, एकदा स्वतःकडे. "आईची खळी उजव्या गालावर आणि माझी डाव्या," ती एकदा अक्कांना म्हणाली. "एवढंही सारखं नाही माझं."

आरसा तिच्या हातातच होता, मित्रांनो. तो जरा माझ्याकडे वळवला असता तर सगळे झाले असते. पण ती तो स्वतःकडेच धरायची. मी काय करणार, मला तोंड नाही.

मग नाक टोचायची वेळ आली. सोनार घरी आला, त्याने डाव्या नाकपुडीवर शाईचा ठिपका दिला आणि लीलेने तो पुसून टाकला. "उजवीकडं टोचा. आईची उजवीकडं आहे," ती म्हणाली. मिरजेची शालिनी हुबळीत कुणी पाहिलेली नव्हती, मग तिला अडवणार कोण? आळीतल्या बऱ्याच बायकांच्या चमक्या उजवीकडेच होत्या. हेमावती अक्कांनी कौतुकाने हनुवटी धरून म्हटले, "बलगडेनं चलो ऐति." उजवीकडंच छान आहे. लीला रडली नाही. सोनार गेल्यावर ती माझ्यापुढे येऊन बसली आणि सुजलेले नाक मला दाखवून म्हणाली, "बघ, आता तुझ्यासारखी."

त्या दुपारी मी खरेच फुटलो असतो तर बरे झाले असते असे मला वाटले.

पुढे ती लग्न होऊन धारवाडला गेली आणि मलाही घेऊन गेली. नवरा शाळामास्तर, स्वभावाने गरीब. नवरीबरोबर दगड आला म्हणून सासरी बरीच चेष्टा झाली. एका नणंदेने माझा चांगला पाटा होईल असेही सुचवले. लीलेने तिच्याकडे नुसते पाहिले, पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. तिने मला जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात बांधले आणि पलंगाखाली ठेवले. दिवाळीच्या दिवसांत ती मला बाहेर काढायची, बघायची आणि पुन्हा बांधायची. तिला मुलगा झाला, सुमंत. तो मोठा होऊन हुबळीजवळच्या तारिहाळला इंजिनिअरिंगचे छोटे युनिट चालवू लागला. लीलेचे केस पांढरे झाले, दात गेले, उजवीकडची चमकी तेवढी राहिली. ती मला जपत होती आणि मी तिच्या आईला. पण मी तर छापायचा दगड. अंधारात, फडक्यात, पलंगाखाली पडून राहणे हे काही माझे काम नव्हते. कुठे दूर छापखान्यात रूळ फिरल्याचा आवाज येतो आहे असा मला भास व्हायचा. येत असायचा तो घरातल्या मिक्सरचा.

आणि मग सुमंतची मुलगी उत्तरा हीच नेमकी दगडावर चित्र छापायचे शिकून आली. आता या कलेला कलाकारांखेरीज कुणी विचारत नाही. हुबळीच्या भंगारबाजारात तिला हाताने फिरवायचा एक जुना प्रेस सापडला. सुमंतने तो तारिहाळला नेऊन त्याला नवा स्क्रू करून दिला आणि परसातल्या शेडमध्ये बसवला. प्रेसचा करकर आवाज भिंतीपलीकडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझे काय झाले असेल, तुम्हीच विचार करा.

उत्तराचे पहिले प्रदर्शन ठरले. पत्रिका वाटून झाल्या आणि नेमका तिचा मोठा दगड प्रेसमध्ये दाबताना तडकला. प्रदर्शनातले मुख्य चित्र त्याच्यावर होते. ती दोन दिवस जेवली नाही. मग आज्जीच्या पलंगापाशी येऊन बसली.

"आज्जी, तुझा दगड देतीस का?"

"कशाला गं?"

"आधी त्याच्यावरचं चित्र छापून घेते. मग घासून माझं काढते. एवढा मोठा दगड आता कुठंच मिळत नाही बघ."

लीलेने वाकून माझ्यावरच्या फडक्याची गाठ चाचपली. मग म्हणाली, "आईला घासतीस?"

उत्तराने मान खाली घातली. तिच्या डोळ्यांत पाणी आले ते कशामुळे, हे तिलाही सांगता आले नसते.

"छापून घे," लीला शेवटी म्हणाली. "घासायचं नाव काढू नको."

बापलेकीने मला उचलून शेडमध्ये नेले. सुमंतने वाटेत कंबर धरली आणि मला दोन शब्द सुनावले. उत्तराने मला प्रेसवर ठेवले, डिंक धुतला आणि टर्पेंटाइनच्या बोळ्याने जुनी वाळलेली काळी शाई पुसली. असेच करायचे असते. पण शाई पुसली की चित्र दिसेनासे होते. माझ्यावर क्षणभर काहीच राहिले नाही.  इतक्या वर्षांनी रेघा शाई धरतील की नाही, कुणाला ठाऊक? शालिनी अजून आहे की नाही, ते मलाही ठाऊक नव्हते.

तिने ओला स्पंज फिरवला आणि रूळ घेतला. एकदा फिरवला, काही नाही. पुन्हा पाणी, पुन्हा रूळ. मग भांग दिसला. कपाळ दिसले. हळूहळू डोळे उघडले. उत्तराने कागद ठेवला. करकर करत मी दाबाखालून गेलो. किती वर्षांनी तो भार अंगावर आला. कागद उचलला तेव्हा शालिनी त्याच्यावर होती, आणि मित्रांनो, जी मी जन्मभर अंगावर वागवली तिला मी पहिल्यांदा समोरून पाहिले. गणपतने आरशात पाहिली होती तशी.

थोडेच कागद चांगले निघाले. मग केसांतली शाई पसरू लागली, डोळ्यांच्या कडा भरू लागल्या. म्हाताऱ्या चित्राचे असेच होते. उत्तराने हात आवरला. नथ डावीकडे आलेली तिने पाहिली, पण त्यात तिला विशेष काय वाटणार? दगडावरचे उलटे येते हे तिला पाठ होते, आणि आज्जीची चमकी उजवीकडे का, हे तिने कधी विचारले नव्हते. या भागात तसेच टोचतात, अशी तिची समजूत होती. "आज्जी, तुला आत्ता नाही दाखवणार. उद्घाटनाला बघ," एवढेच ती म्हणाली.

उद्घाटन धारवाडच्या एका कलादालनात संध्याकाळी झाले. मला प्रदर्शनात टेबलावर मांडले होते आणि माझ्या वर, भिंतीवर, मुख्य चित्राच्या जागी, काचेच्या चौकटीतला शालिनीचा कागद कापडाखाली झाकलेला होता. कुणी येईल की नाही म्हणून उत्तरा दारातून आत आणि आतून दारात करत होती. माणसे आली. आधी चहाकडे गेली, पण आली. पाहुण्यांचे भाषण अर्धे कानडीत आणि अर्धे मराठीत झाले आणि दोन्हीकडून लांबले. मग उत्तराने आज्जीचा हात धरून तिला पुढे आणले. तिच्याच हातून प्रदर्शन उघडायचे होते.

लीलेने कापड ओढले.

ती पाहत राहिली. मग तिने वाकून माझ्याकडे पाहिले. पुन्हा वर पाहिले. तिचा हात आपोआप स्वतःच्या नाकाकडे गेला.

"उत्तरा, नथ डावीकडं कशी गं?"

"दगडावरचं कागदावर उलटं येतंय की आज्जी. खरी नथ डावीकडंच. पणजोबांनी छापायसाठी दगडावर उलटी काढली."

"म्हणजे आईची डावीकडं होती?"

"होय की. का गं?"

 लीला खुर्चीचा आधार घेऊन उभी होती. तिने सगळे सांगितले. सोनाराने दिलेला शाईचा ठिपका, तो तिने कसा पुसला, आईसारखी दिसायला म्हणून नाक कुठे टोचून घेतले. बोलताना तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला. तिचे सांगून संपले तेव्हा मला वाटले की आता ही रडणार. पण ती हसली. "जन्मभर उजवीकडं मिरवली की मी," ती म्हणाली, "आणि आई बघ, डावीकडं घालून बसलीय."

ती हसली म्हणून तिच्या गालाला खळी पडली. सुमंत शेजारीच उभा होता. तो एकदा आईकडे बघत होता आणि एकदा भिंतीकडे.

"आई," तो म्हणाला, "खळी बघ. तुझी जिथं आहे तिथंच आहे."

लीलेने आपल्या डाव्या गालावर बोट ठेवले. दुसरा हात लांब करून कागदावरच्या गालाशी नेला. काचेला बोट लागले आणि तिथेच राहिले. मग मात्र ती रडली. कुणी तिला थांबवले नाही.

प्रदर्शन संपेपर्यंत ती रोज यायची आणि त्या कागदापुढे खुर्ची टाकून बसायची. मी टेबलावर होतो, तिच्या अगदी जवळ. पण तिने माझ्याकडे पुन्हा पाहिले नाही. इतकी वर्षे ती मलाच पाहत आली होती. तिला आई मिळाली याचा मला आनंद झाला, आणि तिचे ते रोजचे पाहणे गेले याचे दुःखही झाले. दोन्ही खरे आहे. दगडाला मन नसते असे म्हणणाऱ्यांनी त्या आठवड्यात माझ्या जागी बसून पाहायला हवे होते.

घरी आल्यावर तो कागद लीलेच्या खोलीत लागला. मी शेडमध्ये, त्याच इरकली फडक्यात. काही दिवसांनी लीला काठी टेकत शेडमध्ये आली.

"घास याला," ती म्हणाली.

"नको आज्जी. राहू दे. मी दुसरा दगड बघते," उत्तरा घाईने म्हणाली. तिला आता मला घासायची भीती वाटत होती.

"अगं, अप्पांनी आईला छापायला काढलं होतं. मी बांधून ठेवलं. ते असते तर मला ओरडले असते." लीलेने फडक्याची गाठ स्वतः सोडली. "आण ती वाळू."

तिने माझ्याकडे शेवटचे पाहिले. मग मूठभर वाळू घेऊन शालिनीच्या कपाळावर हलकेच सोडली. नको, असे मला म्हणायचे होते. पाणी पडले, वर दुसरा दगड आला आणि उत्तराने तो फिरवायला सुरुवात केली. किती चित्रे माझ्यावरून अशी गेली होती, पण दुखले याच वेळी. आधी केस गेले, मग ओठ, मग ती उजवीकडची नथ. डोळे बराच वेळ राहिले. मग पांढरे पाणी झाले, आणि उत्तराने ते धुऊन टाकले.

आता मी कोरा आहे, मित्रांनो. पाणी मारले की मी अजून शालिनीला शोधतो. पोरीने काम चोख केले आहे, काही सापडत नाही. उत्तरा समोर बसते, चित्र काढायचा तुपकट खडू उचलते आणि ठेवते. माझ्यावर पहिली रेघ ओढायला तिचा हात धजत नाही. काल लीला आली आणि तिने माझ्यावर तळवा ठेवला.

"थंड पडलाय गं हा," ती म्हणाली. "काढ काहीतरी याच्यावर."

तुमच्याही घरात माझ्यासारखे कुणी असेल. तंबोरा असेल, शिवणयंत्र असेल, आजोबांची हत्यारे असतील. प्रेमाने फडक्यात बांधून ठेवलेले, दिवाळीला पुसून परत आत जाणारे. त्यांना जपा, पण बांधून ठेवू नका. गाठ सोडा आणि त्यांना काम द्या. त्यांच्यावर झीज येईल, एखादी जुनी खूण जाईल, तुम्हाला वाईट वाटेल. वाटू द्या. आम्हालाही वाटते. शालिनीची आठवण मला रोज येते, तरीही मला पुन्हा पलंगाखाली जायचे नाही. मला शाई हवी आहे.